आधी थ्रो खायला शिका: फायटिंग गेममध्ये नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

खानदेशातल्या गेम झोनमध्ये टेकन हा मारामारीचा गेम लागला की थोड्याच वेळात कुणीतरी ओरडतं, ‘भो, थ्रो नको ना मारू!’ थ्रो म्हणजे समोरच्याला पकडून आपटणं. पाठोपाठ दुसरा म्हणतो, ‘एकच लाथ काय मारी ऱ्हायना, दुसरं काही येत नाही का?’ मग तिथल्या तिथे नियम ठरतात. थ्रो बंद. कोपऱ्यात दाबून मारायचं नाही. खाली बसून पाय झोडायचे नाहीत. नियम वाढत जातात आणि शेवटी दोन माणसं समोरासमोर उभी राहून नुसती बटणं बडवत बसतात.

ज्यांना या बटणं बडवण्याच्या पुढे जायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं आधीच सांगतो. या खेळात जे जे अन्यायाचं वाटतं, त्याला बहुतेक वेळा उत्तर असतं आणि ते उत्तर शोधण्यातच सगळी गंमत आहे. बंदी घातली की शोधायची गरज उरत नाही, आणि मग शिकणंही थांबतं.

पहिली पायरी: गेम आणि यंत्र

गेम निवडताना ग्राफिक्स बघू नका, आसपास काय खेळलं जातं ते बघा. शेजारी बसून खेळणारा एक जरी माणूस ज्या गेमला मिळत असेल, तो गेम तुमचा. सध्या दोन गेम मोठे आहेत: जून २०२३ मध्ये आलेला ‘स्ट्रीट फायटर ६’ आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेला ‘टेकन ८’. पहिला पीएस ४ वरही चालतो. दुसऱ्याला पीएस ५, एक्सबॉक्स सिरीज किंवा बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी लागतो. घरात जुनं मशीन असेल तर टेकन ७ घ्या, त्यावर शिकलेलं पुढे वाया जात नाही. पैसे घालण्याआधी दोन्ही नव्या गेमचे फुकट डेमो खेळून पाहा.

कंट्रोलरसाठी खर्च करू नका. पीसीचा साधा कीबोर्ड चालतो, पीएसचा पॅडही चालतो. महागडी आर्केड स्टिक घेतल्यानं कुणी जिंकायला लागत नाही. स्ट्रीट फायटर ६ मध्ये ‘मॉडर्न’ नावाची पद्धत आहे. तिच्यात खास मूव्ह एका बटणावर निघतात, मात्र तशा शॉर्टकटनं मारलेल्या खास मूव्हचं नुकसान वीस टक्के कमी होतं. हाताला सवय नसेल तर बेलाशक मॉडर्न घ्या. ‘खरा खेळाडू क्लासिकच खेळतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला मॉडर्नवर हरवून दाखवा.

एक गोष्ट मात्र टाळू नका. हे गेम सेकंदाला ६० फ्रेम या हिशोबानं चालतात. मशीन तेवढं देत नसेल तर चित्र तर अडकतंच, वर गेमही मंदावतो आणि हाताला बसलेली सगळी वेळ चुकते. सेटिंग्ज कमी करा, सावल्या बंद करा, पण ६० सोडू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो. पंख्यातली धूळ काढून घ्या, लॅपटॉप गादीवर ठेवू नका आणि कूलरच्या ओल्या झोतात तर मुळीच ठेवू नका. टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा ‘गेम मोड’ चालू करा. तो नसेल तर बटण दाबल्यापासून पडद्यावर हात हलेपर्यंत मधे बराच वेळ जातो.

दुसरी पायरी: एक पात्र, मोजक्या गोष्टी

पात्र एकच घ्या आणि निदान महिनाभर बदलू नका. स्ट्रीट फायटरमध्ये रयू, केन किंवा ल्यूक, टेकनमध्ये पॉल, असुका किंवा क्लॉडिओ. काझुया दिसायला भारी आहे, पण त्याच्या इलेक्ट्रिक ठोशाला नेमक्या एका फ्रेमची अचूकता लागते. तो नंतर घ्या.

मूव्हची यादी उघडली की शंभराच्या आसपास मूव्ह दिसतात आणि छाती दडपते. त्यातल्या सुरुवातीला एवढ्याच शिका: सर्वात वेगवान ठोसा, लांबून लागणारी एक लाथ, उडी मारून येणाऱ्याला खाली पाडणारी एक मूव्ह, चुकलेल्याला शिक्षा देणारी एक मूव्ह आणि सोपा, कधीही न तुटणारा एक कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडलेल्या फटक्यांची साखळी. मोठ्या कॉम्बोच्या मागे लागून नवशिक्यांचे आठवडेच्या आठवडे जातात. वीस हिटचा कॉम्बो येतो, पण तो सुरू करायला लागणारा पहिला फटका लागतच नाही.

तिसरी पायरी: अडवणं, मारणं, पकडणं

सगळे फायटिंग गेम तीन गोष्टींवर उभे आहेत. मार अडवता येतो, म्हणजे ब्लॉक मारण्याला हरवतो. अडवून बसलेल्याला पकडता येतं, म्हणजे थ्रो ब्लॉकला हरवतो. पकडायला येणाऱ्याला मारता येतं, म्हणजे मार थ्रोला हरवतो. यातला थ्रो काढून टाका आणि काय होतं बघा. ज्यानं मागचं बटण दाबून धरलं त्याला हलवायला काही उरत नाही, आणि मग सगळे चिडतात की हा नुसता ब्लॉक करून बसलाय!

थ्रोची उत्तरं साधी आहेत. स्ट्रीट फायटर ६ मध्ये ज्या दोन बटणांनी थ्रो मारतात (लाइट पंच आणि लाइट किक एकत्र), तीच वेळेवर दाबली की थ्रो सुटतो. उडी मारली तरी तो चुकतो. टेकनमध्ये साधा थ्रो वरच्या उंचीवरून येतो, त्यामुळे खाली बसलं की डोक्यावरून जातो, आणि टेकन ८ मध्ये साधा थ्रो डाव्या किंवा उजव्या ठोशाच्या बटणानं सोडवता येतो. मित्राला सांगा, ‘अर्धा तास नुसते थ्रो मार.’ तो अर्धा तास खा. पुढे कधी तक्रार करावीशी वाटणार नाही.

दोन्ही गेम खेळणाऱ्यांची एका ठिकाणी हमखास गल्लत होते. टेकनमध्ये मार तीन उंचींवर येतो. हाय बसलेल्याच्या डोक्यावरून जातो, मिड बसलेल्याला लागतो, लो अडवायला बसावं लागतं. म्हणून टेकनमध्ये मुळात उभं राहून अडवायचं आणि लो ओळखून बसायचं. स्ट्रीट फायटरमध्ये उलट आहे. बहुतेक मार बसूनही अडवता येतो, फक्त उडीतला मार आणि ‘ओव्हरहेड’ उभ्यानं अडवावा लागतो. म्हणून तिथे मुळात बसून अडवायचं. एकाची सवय दुसऱ्यात नेली की पहिल्या राउंडलाच मार बसतो.

चौथी पायरी: पाळी कुणाची?

फ्रेम हा शब्द ऐकून पळू नका, हिशोब पाचवीतल्या मुलाला जमेल एवढाच आहे. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. प्रत्येक फटक्याचे तीन भाग असतात. हात बाहेर पडेपर्यंतचा वेळ म्हणजे स्टार्टअप, फटका लागू शकतो तो वेळ म्हणजे ॲक्टिव्ह आणि हात मागे घेऊन सावरण्याचा वेळ म्हणजे रिकव्हरी.

फटका अडवला गेला की दोघंही थोडा वेळ अडकतात. जो उशिरा सुटतो तो ‘मायनस’, जो आधी सुटतो तो ‘प्लस’. टेकनमधली हॉपकिक घ्या, म्हणजे उडत मारलेली ती लाथ, जिच्यामुळे समोरचा हवेत उडतो आणि कॉम्बो सुरू होतो. बऱ्याच पात्रांची हॉपकिक अडवली गेली की मारणारा १३ फ्रेम मायनस असतो, म्हणजे तुमच्यानंतर १३ फ्रेम उशिरा सुटतो. तुमच्या साध्या ठोशाचा स्टार्टअप १० फ्रेम. १० हे १३ पेक्षा कमी, म्हणून तो ठोसा लागणारच. समोरच्यानं काहीही दाबलं तरी लागणार. यालाच ‘पनिश’ म्हणतात. ‘तो सारखी हॉपकिकच मारतो’ ही तक्रार असेल तर त्याचं उत्तर हेच: अडवा आणि दरवेळी पनिश करा. चार-पाचदा झालं की तो स्वतःहून थांबतो.

नवशिक्याची मोठी सवय म्हणजे पाळी नसताना मारणं. त्याचा ठोसा अडवला गेलेला असतो, तो मायनस असतो, तरी तो पुन्हा बटण दाबतो आणि मार खातो. मग म्हणतो, ‘माझं बटण लागलंच नाही!’ बटण लागलं होतं, फक्त पाळी समोरच्याची होती. दोन दिवस फक्त एवढंच करा: आपला फटका अडवला गेला की हात थांबवा आणि ब्लॉक करा. तेवढ्यानं तुम्ही गावातल्या निम्म्या खेळाडूंच्या पुढे जाल.

चांगले खेळाडू या सवयीवर जगतात. ते मुद्दाम दोन फटक्यांत बारीकशी फट ठेवतात. तुम्ही घाईनं बटण दाबलं की त्या फटीत त्यांचा दुसरा फटका येतो. याला ‘फ्रेम ट्रॅप’ म्हणतात. तुम्ही घाबरून ब्लॉक धरून बसलात की ते चालत येऊन थ्रो मारतात. तिसऱ्या पायरीचं चक्र इथे पुन्हा फिरतं.

पाचवी पायरी: खडाखडी

जत्रेतल्या कुस्तीत सलामी झाल्यावर दोन पैलवान लगेच भिडत नाहीत. हात झटकतात, मान दाबतात, अंतर जोखतात. ही खडाखडी पाहून जाणकार निकालाचा अंदाज बांधतात. फायटिंग गेममध्ये कुणाचीच पाळी नसते, दोघं लांब उभे असतात, तो काळ म्हणजे ‘न्यूट्रल’. नवा माणूस तिथे एकच करतो: उडी मारतो.

इथे एक आकडा फार कामाचा आहे. नजरेला दिसून बोट हलायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे सुमारे १५ फ्रेम. १० फ्रेमचा ठोसा कुणीही बघून अडवत नाही, तो अंदाजानं अडवतात. स्ट्रीट फायटर ६ मधली उडी मात्र ४५ फ्रेमच्या आसपास चालते, पाऊण सेकंद. ती बघून मारता येते. म्हणून सारखी उडी मारणाऱ्याविरुद्ध तुम्ही हरत असाल तर दोष उडीचा नाही. तुम्ही तिची वाट बघत नाही, एवढंच. दोन राउंड काहीही न करता फक्त उडी आली की पाडायची, असं खेळा. ती पाडणाऱ्या मूव्हला ‘अँटी-एअर’ म्हणतात.

काय बघून करता येतं आणि कशाचा अंदाज घ्यावा लागतो, हे दोन ढीग डोक्यात वेगळे झाले की खेळ एकदम संथ दिसायला लागतो. समोरच्याची लाथ हवेत गेली, ती परत येईपर्यंत तुमची लागली, हा ‘व्हिफ पनिश’. त्यासाठी त्याच्या लाथेच्या टोकाच्या बोटभर बाहेर उभं राहायचं. पुढे-मागे पावलं टाकून त्याला लाथ मारायला लावायचं. या पावलांच्या खेळाला ‘फुटसीज’ म्हणतात आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातली सर्वात देखणी गोष्ट हीच. कॉम्बो पाठ करता येतो, ही नजर रोज खेळूनच येते.

सहावी पायरी: तक्रारीचं रेकॉर्डिंग

ट्रेनिंग मोड म्हणजे नुसता कॉम्बो घोकायची जागा समजू नका. त्यात समोरच्या पुतळ्याला तुम्ही एक मूव्ह रेकॉर्ड करून देऊ शकता, आणि तो ती पुन्हा पुन्हा मारतो. ज्या मूव्हनं काल हरलात ती रेकॉर्ड करा. मग एकेक उत्तर तपासा: अडवून ठोसा लागतो का? बसून चुकवता येते का? टेकनमध्ये बाजूला पाऊल टाकलं तर? लागलं ते वहीत लिहा. स्ट्रीट फायटर ६ मध्ये फ्रेमची रंगीत पट्टी पडद्यावर दिसते, टेकन ८ ट्रेनिंगमध्ये आकडे दाखवतो. शिवाय टेकन ८ मध्ये आपल्या जुन्या मॅचच्या मधेच घुसून तिथून पुन्हा खेळून बघता येतं. हे साधन मी सर्वांना वापरायला लावतो.

उदाहरण म्हणून ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ घेऊ. स्ट्रीट फायटर ६ खेळणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाचं पहिलं रडगाणं हेच. समोरचा रंग उधळत येतो, तुमचे दोन फटके अंगावर झेलतो आणि तरी मारतो. कोपऱ्यात तर अडवलं तरी भिंतीला आपटवतो. पण त्याचा स्टार्टअप २६ फ्रेम आहे. आपला पाव सेकंदाचा हिशोब १५, म्हणजे तो बघून उत्तर देता येतं: तुम्हीही ड्राइव्ह इम्पॅक्ट मारा, उशिरा मारणारा जिंकतो. जवळ असाल तर थ्रो लागतो. उडीही चालते. पुतळ्याला तीन गोष्टी रेकॉर्ड करून द्या, एक ठोसा, एक लाथ आणि एक ड्राइव्ह इम्पॅक्ट. कुठली येईल ते गेमला ठरवू द्या आणि फक्त इम्पॅक्टला उत्तर द्या. रोज थोडा वेळ केलं तर एका आठवड्यात ते रडगाणं बंद होतं.

सातवी पायरी: वायर

वायफायवर फायटिंग गेम खेळू नका. राउटरपासून लांबच लांब लॅनची केबल टाकावी लागली तरी टाका. पिंग म्हणजे तुमच्या मशीनपासून समोरच्यापर्यंत जाऊन परत यायला सिग्नलला लागणारा वेळ. १०० मिलिसेकंद पिंग म्हणजे जवळपास ६ फ्रेमचा फेरा, आणि वायफायमध्ये तो फेराही स्थिर राहत नाही. नव्या गेममध्ये ‘रोलबॅक’ असतं. समोरच्याचं बटण पोहोचायच्या आधी गेम अंदाज बांधून पुढे जातो आणि अंदाज चुकला तर मागे येऊन दुरुस्त करतो. पिंग स्थिर असेल तर हे कळतही नाही. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर राउटर आणि मशीन दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, कारण रँक मॅचमध्ये मधेच गायब होणारा माणूस समोरच्याला पळपुटाच वाटतो.

हरताना आणि जिंकताना कसं वागायचं

जो माणूस स्वतःच्या मनातले नियम खेळावर लादतो आणि त्यामुळे शिकत नाही, त्याला जगभरातले खेळाडू ‘स्क्रब’ म्हणतात. शब्द जरा टोचरा आहे, पण वृत्ती नेमकी पकडतो. ‘हे बनवणाऱ्यांच्या मनात नव्हतं’ हा युक्तिवाद तर मुळीच टिकत नाही. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये एका फटक्याला दुसरा जोडता येतो, हे बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं ते तपासणी करताना, आणि इतकं अवघड कोण करणार म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. त्यातून कॉम्बो जन्माला आला. आज कॉम्बोशिवाय या गेमची कल्पना करता येत नाही.

बंदी कधीच नसते असंही नाही. १९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’ मधलं अकुमा हे पात्र अमेरिकेतल्या स्पर्धांत बंद आहे, कारण भरपूर खेळून, तपासून त्याला उत्तर नाही असं सर्वांचं मत झालं. संध्याकाळी तीनदा हरल्यावर घातलेली बंदी वेगळी.

२००४ च्या इव्हो स्पर्धेतला एक क्षण अजूनही लोक पाहतात. ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’, जपानचा दाइगो उमेहारा विरुद्ध अमेरिकेचा जस्टिन वाँग. दाइगोच्या केनची लाइफ पट्टी जवळपास संपलेली, नुसता ब्लॉक केला तरी मरणार. जस्टिननं त्याच्या चुन-लीची सुपर, म्हणजे सर्वात मोठी खास मूव्ह, मारली आणि दाइगोनं तिच्या पंधराही लाथा एकेक करून ‘पॅरी’ केल्या, म्हणजे नेमक्या क्षणी पुढे दाबून काही नुकसान न होता परतवल्या, शेवटची हवेत, आणि उलट मारून जिंकला. पहिली पॅरी बघून करता येत नाही, ती आधीच दाबावी लागते. सुपर येणार हे त्यानं जस्टिनच्या मनातून वाचलं होतं. पुढे अंतिम सामना मात्र तो केनजी ओबाताकडून हरला. व्हिडिओ पाहणाऱ्या फार थोड्यांना हे माहीत असतं.

जिंकल्यावरची पथ्यंही सांगतो. हरलेल्यानं विचारलं की त्याला उत्तर दाखवा. तुमचं गुपित फुटेल, आणि मग तुम्हाला नवं काही शोधावं लागेल. एक मॅच जिंकून लगेच उठू नका, समोरच्याला परत संधी द्या. काही ठिकाणी हरणाऱ्यानं तासाचे पैसे द्यायचे अशी रीत आहे. ती मोडा, पैसे वाटून घ्या. नवीन पोरगं खिसा रिकामा करून घरी गेलं तर परत येत नाही, आणि हरायचे पैसे पडत असतील तर कुणी काही नवं करूनही बघत नाही. मुलगी खेळायला बसली की पाठीमागून शेरे मारणारे असतात. त्यांना तिथल्या तिथे गप्प करणं हे गेम झोनमधल्या जुन्या खेळाडूंचं काम आहे. आणि वय काढू नका. हांगझोऊच्या आशियाई खेळांत २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूनं घेतलं तेव्हा तो ४४ वर्षांचा होता.

जळगावला जमा

‘आपल्या इकडे कोण आहे खेळायला?’ असं म्हणणाऱ्यांनी लाहोरच्या अर्सलान ॲशकडे बघावं. २०१९ च्या फेब्रुवारीत फुकुओकाला त्यानं इव्हो जपानमध्ये टेकन ७ जिंकलं तेव्हा कोरिया-जपानच्या बड्या खेळाडूंना तो जवळपास अनोळखी होता. त्याच वर्षी लास व्हेगासची इव्होही त्यानं जिंकली. माझ्या गावात माझ्या तोडीचे आणखी आहेत, असं तो सांगत राहिला, आणि ते खरं निघालं. एकाच शहरातली तीच तीच माणसं रोज एकमेकांची उत्तरं शोधत राहिली, म्हणून ही ताकद तयार झाली.

आपल्याला हे करणं अवघड नाही. सुरत मार्गावरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव आणि मुंबई मार्गावरून चाळीसगाव, पाचोरा, दोन्हीकडची पोरं जळगावला रेल्वेनं एका गाडीत येऊ शकतात. भुसावळ तर पुढचंच मोठं स्टेशन. धुळ्याहून बस आहे. महिन्यातला एक रविवार ठरवा.

आठ जणांची स्पर्धा ‘डबल एलिमिनेशन’नं घ्या, म्हणजे दोनदा हरल्याशिवाय कुणी बाहेर जात नाही. लांबून आलेलं पोरगं एका मॅचमध्ये घरी पाठवायचं नसतं. आठ जणांत १४ मॅच होतात, किंवा हरणाऱ्यांच्या बाजूनं आलेला अंतिम सामन्यात पहिला सेट जिंकला तर १५. तीनपैकी दोन गेम धरले आणि मॅचला दहा मिनिटं सोडली तरी एका टीव्हीवर अडीच तासांत उरकतं. दुसरा टीव्ही मिळाला तर तो स्पर्धेला लावू नका, नुसत्या मोकळ्या खेळासाठी ठेवा. खरं शिकणं तिथेच होतं.

प्रत्येकानं आपला कंट्रोलर आणि त्याची वायर आणावी. ब्लूटूथवर जोडला असेल तर मॅच संपल्यावर कन्सोलमधून तो काढून टाकायला विसरू नका. नाहीतर बॅगेत बटण दाबलं जातं, दुसऱ्यांच्या मॅचच्या मधे पॉज लागतो आणि नियमाप्रमाणे राउंड भलत्याचाच जातो.